छत्तीस सेंटिमीटर

गाडी लांबीला जास्त होती, एवढंच.
वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर लांब गाडीचं पोट टेकतं,
मग ती उताण्या कासवासारखी चाकं हलवत बसते.
म्हणून कापायची. छत्तीस सेंटिमीटर,
पुढच्या सीटच्या मागून.

बाबा उलट्या क्रेटवर बसलेले.
डोळ्यांत मोतीबिंदू, कान शाबूत.
बॉडी धरून ठेवणारे बत्तीस बोल्ट,
आणि खारा वारा तीस वर्षं त्यांच्यावर जेवलेला.
सुटलेला प्रत्येक बोल्ट ते आवाजावरून मोजत होते.
"एकोणतीस," म्हणाले. "तीन राहिले."
ते तीन आम्ही छिन्नीनं तोडले.

मग चौघांनी मिळून बॉडी उचलली,
पालथं पातेलं उचलावं तशी.
खाली नुसती चासी,
मध्ये कण्यासारखा बोगदा,
आणि वास. अजून.
अकरा वर्षं हिनं माराकाझाऊहून शहरात मासे नेले.
शहराचं नाव नाताळ.
सण वर्षातून एकदा, शहर आठवड्यातून सहादा.
मासे पुढच्या डिकीत, बर्फ बाबांशेजारी गोणपाटात,
मागे आम्ही: वाल्देसिर, मी, धाकटी इव्हानेती,
शाळेच्या फाटकापाशी उतरायचो
तेव्हा मुलं नाकं धरायची.

"कुठून कापताय?"
मी त्यांचा हात धरून पत्र्यावर ठेवला.
इथून, आणि इथून.
दोन्ही खुणांवर त्यांनी बोट फिरवलं.
"मग तुम्ही तिघं कुठं बसणार?"

वाल्देसिर मानाउसच्या कारखान्यात मोटरसायकली जोडतो.
इव्हानेतीची पोरं माझ्या खांद्याला लागतात.
मी सत्तेचाळीस वर्षांची.
वेल्डर जोझेनिल्दोनं काही न बोलता
काळा चष्मा खाली ओढला.
ग्राइंडर मीच चालवला.

निघालेला तुकडा उन्हात ठेवला.
खोबणीत वाळू, माशाचे खवले,
क्रुझेरोचं एक नाणं, जे आता कुठंच चालत नाही.
ऑस्मरीना म्हणाली, कोंबड्यांना पाणी ठेवायला देशील का?
दिला.

दोन अर्ध्या जोडण्याआधी कर्ण मोजायचे असतात,
नाहीतर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी धावते.
दोरीचं एक टोक बाबांच्या चिमटीत.
"तुझ्या बाजूला चार मिलिमीटर जास्त."
टेपनं पाहिलं. पाच.
मी चारच सांगितलं.

गिअरचा दांडाही तेवढाच आखूड करायचा असतो.
तो मी विसरले.
पहिल्या दिवशी दुसरा गिअर माझ्या मांडीत आला.
जोझेनिल्दो हसता हसता जमिनीवर बसला,
आणि बाबाही हसले, कशाला ते न दिसता.

मग फायबर. कापडाचा थर, रेझिन, पुन्हा कापड,
पुन्हा रेझिन. तीन रात्री अंग खाजत राहिलं,
पावडर थापून मी झोळीत पडून राहिले.
रंग दिला पिकल्या काजूच्या बोंडाचा.
याला गंज चढणार नाही, हे बाबांना सांगितलं.
"मग हिचं वय कसं कळणार?" त्यांनी विचारलं.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

रविवारी चाकांतली हवा कमी केली
(वाळूवर ताठ राहून चालत नाही)
आणि त्यांना शेजारी बसवून पट्टा आवळला.
इथले बग्गीवाले पाहुण्यांना विचारतात तसं विचारलं:
"थरार हवा, की बिनथरार?"
"थराराचे पैसे वेगळे का?"

टेकडी चढलो. वर क्षणभर समोर काहीच नसतं,
नुसतं आभाळ आणि आपल्या पोटातली पोकळी,
आणि मग कडा, खाली तळं,
चाकांखालची वाळू पाण्यासारखी सुटलेली.
त्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक शोधत होता.
तिथं ब्रेक नव्हता.
त्यांनी मान मागे वळवली,
जिथं आता इंजिन आहे आणि वारा आहे,
आणि ओरडून म्हणाले,
"धरून बसा रे!"

मी दुसरा गिअर टाकला.
आता तो जागच्या जागी पडतो.